तांब्याचा गंज, जर्मनचा गंज

आमच्याकडे गंज चुलीवर चढतो. लोखंडावर चढतो त्याला आम्ही जंग म्हणतो. गंज म्हणजे उभ्या काठांचं पातेलं, वरणाचं असो की दुधाचं. आणि लग्नातला गंज म्हणजे लपाछपी खेळताना एखादं पोर आत बसलं तर सापडू नये एवढा. बोरगाव मेघेत असे तांब्याचे मोठे गंज गावाच्या मालकीचे होते. एरवी देवळाच्या खोलीत ते पालथे झोपलेले असत. लग्न निघालं की त्यांना चिंच लावून घासायचं, आतून कल्हई करून घ्यायची, आणि कड्यांतून बांबू घालून गड्यांनी मांडवात आणायचं. भरलेला गंज चुलीवरून उतरवायचा तर आणखी गडी हाकारावे लागत. त्यामुळे लग्नाचा स्वयंपाक पुरुषांचा. हे कुणी ठरवलं नव्हतं. तांब्याच्या वजनानं ठरवलं होतं.

कुसुमबाई अशा लग्नांत वांगी चिरायच्या. वांगी बहुधा त्यांच्याच मळ्यातली असायची. त्यांचे यजमान नत्थूजी भाजीची टोपली सायकलला बांधून वर्ध्याच्या बाजारात जात, आणि मळ्याचं पाणी, तण, तोडणी कुसुमबाई बघत. अंगानं बारीक, बोलणं त्याहून बारीक. पण वाफेवरून त्यांना मीठ कळायचं. चिंधूजी आचाऱ्यालाही हे ठाऊक होतं. चारचौघांत तो काही बोलायचा नाही, पण मांडवाच्या मागून हळूच हाक यायची.

“कुसुमबाई, जरा वास घेऊन सांगा वो, मीठ हाय का बरोबर?”

“कमी हाय, चिंधूजी.”

“मलेबी तसंच वाटत होतं,” असं म्हणून चिंधूजी मूठभर मीठ टाकायचा, आणि कुसुमबाई पुन्हा विळीवर बसायच्या. त्यांना एकच हवं होतं. एका लग्नाचं वरण फोडणीपासून वाढण्यापर्यंत आपल्या हातचं असावं.

सत्त्याहत्तर साली, उन्हाळ्याच्या तोंडावर त्या माहेरी हिंगणघाटला गेल्या. तिथे त्यांच्या भावाची गिरणीजवळ खानावळ होती. खानावळीत मोठमोठे गंज होते, सगळे पांढरे, आणि एकेक पोऱ्या ते एकट्यानं इकडून तिकडे नेत होता. कुसुमबाई दिवसभर ते बघत बसल्या. येताना भावाकडून एक जुना गंज मागून घेतला, एसटीच्या टपावर चढवला, आणि फाट्यावर उतरून डोक्यावर पालथा घालून घराकडे चालू लागल्या.

नत्थूजी ओट्यावर बसले होते. “मले वाटलं गंजच पायी येऊन राह्यला,” ते म्हणाले. “काऊन आणला हा?”

“जर्मनचा हाय. उचलून त पाहा.”

नत्थूजींनी एका हातानं उचलला आणि जोर जास्त लागल्यामुळे मागे भिंतीवर आपटले.

कुसुमबाईंचे धाकटे दीर हरिदास शाळेत विज्ञान शिकवत. त्यांनी गंजावर बोटानं टिचकी मारली. “वैनी, हे अ‍ॅल्युमिनियम हाय.”

“असन. पन जर्मनच ना?”

“आपन म्हणतो जर्मन. तांबं अन् हे, दोन्ही मूलद्रव्यं. पितळेवानी मिसळलेली नाई.” हरिदासांना वर्ग मिळाल्याचा आनंद झाला. तांबं लाल, हे पांढरं. तेवढ्याच आकाराचा तुकडा घेतला तर तांबं तिपटीहून जड. उष्णता दोघांतूनही चांगली जाते, तांब्यातून जास्त. पण तांब्याचा गंज जाड, तो तापायला वेळ घेतो आणि तापला की लवकर निवत नाही. उघड्यावर ठेवलं तर तांबं हिरवं पडतं. अ‍ॅल्युमिनियम स्वतःच्या अंगावर एक पातळ थर चढवून घेतं, डोळ्यांना दिसतही नाही, आणि त्या थराखाली सुखरूप राहतं.

“म्हणजे पदर घेतल्यावानी,” कुसुमबाई म्हणाल्या.

“हो, पन आंबट पडलं की पदर फाटते. आंबट दोघांलेही चालत नाई. तांब्याले कल्हईचा आधार असते, ह्याले कशाचाच नाई.”

कुसुमबाईंनी त्यातलं हलकं तेवढं मनात धरलं.

त्याच वैशाखात वासुदेवराव पाटलांच्या मुलीचं लग्न होतं. कुसुमबाई नत्थूजींना घेऊन त्यांच्याकडे गेल्या आणि लग्नाचं वरण आपल्याला करू द्यावं म्हणाल्या. वासुदेवराव गोंधळले. चिंधूजी तिथेच बसला होता, तो हसला.

“जर्मन हाटेलात चालते, बाई. मांडवात तांबंच पाह्यजे. पाव्हणे म्हणतीन, पोरीचं लग्न हाय का उपाहारगृह!”

वासुदेवरावांनी मधला मार्ग काढला. लग्नाच्या आदल्या दिवशी, मांडवाच्या दिवशी, घरच्या माणसांचंच जेवण असतं. त्या दिवशीचं वरण कुसुमबाईंनी करावं. जमलं तर लग्नाचंही त्यांचंच. नाही जमलं, तर गावातल्या कुठल्याच लग्नात ही गोष्ट पुन्हा काढायची नाही. कुसुमबाई “हो जी” म्हणाल्या.

मांडवाच्या दिवशी त्यांनी चूल मांडली ती चिंधूजीची बघून. लाकडं तेवढीच, जाळ तेवढाच. इतकी वर्षं विळीवर बसून जे पाहिलं होतं ते तांब्याचं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. शिजलेली डाळ घोटून गंजात ओतली, फोडणी दिली, कोथिंबीर घ्यायला पाठ वळवली आणि वास आला. मिठाचा नाही. करपल्याचा.

मांडवात माणसं आंब्याची पानं बांधत होती. हाक मारून ती येईपर्यंत काय होईल हे कुसुमबाईंना नाकानं कळत होतं. त्यांनी ओली पोती हाताला गुंडाळली. “कोकिळा, धर!” हरिदासांची बायको कोकिळा धावत आली, आणि दोघी जावांनी एकेक कडी धरून भरलेला गंज उचलला, बाजूला विटांवर ठेवला. वरणाचं उकळणं जागच्या जागी शांत झालं. जर्मन जसा पटकन तापला होता तसाच पटकन निवला. कुसुमबाईंनी पळी बुडाला लागू दिली नाही. वरवरचं वरण अलगद दुसऱ्या भांड्यात काढलं, बुडाचा काळा थर तसाच सोडला.

वासानं चिंधूजी आला. मागून वासुदेवराव.

“लागलं?” चिंधूजीनं विचारलं.

“लागलं,” कुसुमबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही बारीक झाला होता.

चिंधूजीनं काढलेल्या वरणाची वाटी तोंडाला लावली. मग आणखी थोडं घेतलं. विटांवरच्या गंजाकडे पाहिलं, दोघींच्या हातांकडे पाहिलं.

“उतरवाले कोन आलं होतं?”

“कोनी नाई. आमीच.”

चिंधूजीनं मिशी पुसली. “पाटील,” तो म्हणाला, “माह्या गंजात असतं त सबन गेलं असतं. गडी जमा होईस्तोवर. अन् उतरवल्यावरबी तांबं जळतच राह्यते.”

“मंग उद्याचं काय?” वासुदेवरावांनी विचारलं.

“वरण बाईचं. पन कढी माह्या तांब्याच्या गंजात. जर्मनात केली त पाव्हण्याइले राखुंडी वाढल्यावानी दिसन.”

हरिदास आंबटाबद्दल काही सांगायला पुढे आले, पण कोकिळेनं त्यांच्या हातात पत्रावळी दिल्या.

लग्नाच्या दिवशी दोन चुली शेजारी पेटल्या. कुसुमबाईंनी आच एकदम लागू नये म्हणून गंजाच्या बुडाला बाहेरून राख-चिखलाचा लेप दिला, लाकडं अर्धी ठेवली आणि चुलीकडे पाठ केली नाही. पंगती उठल्या तेव्हा वरपक्षाच्या म्हाताऱ्यांनी वरण दुसऱ्यांदा मागितलं होतं.

मग आचाऱ्याच्या मानाची वेळ आली. ताटात नारळ, टॉवेल आणि पांढरी टोपी. चिंधूजीचं ताट झालं. दुसरं ताट घेऊन वासुदेवराव कुसुमबाईंसमोर उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा पडला. आचारी बाई असेल हे बाजार करताना कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

“टोपी... टोपीचं मी पाहतो, बाई. त्याच्याऐवजी नेसाले पातळ आणून देतो,” ते म्हणाले.

“काऊन जी? द्या इकडे.” कुसुमबाईंनी ताट दोन्ही हातांनी घेतलं. “घरी एक डोकं उघडंच हिंडते.”

दुसऱ्या दिवशी नत्थूजी वर्ध्याच्या बाजारात नव्या टोपीत बसले. गिऱ्हाइकानं भाव विचारला की आधी टोपी सरळ करायचे.

“वांगे ताजे हायत. अन् टोपी इकाची नाई,” ते सांगायचे, “बायकोच्या कमाईची हाय.”