तारीखताईचा शब्द

स्टेशनसमोरच्या चौकात तिला सगळे तारीखताई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं नाव कधी ना कधी कानावर येतंच. तिच्या कानावर ते किराणा दुकानाच्या दारात आलं. आत मालक बायकोला सांगत होता, "चहा टाकू नकोस, तारीखताई आलीय. नवी तारीख देऊन लगेच जाईल." ती ऐकून न ऐकल्यासारखं करून आत गेली आणि खरोखरच नवी तारीख देऊन बाहेर पडली.

त्याआधी तिची उमेदीची वर्षं स्टेशनच्या तिकीटखिडकीत गेली होती. सुट्ट्या पैशांवरून तिने कधी कुणाशी हुज्जत घातली नाही. म्हातारं माणूस असेल तर गाडी कुठे लागणार तेही समजावून सांगायची. पुढे तिकिटांची यंत्रं आली, खिडक्या बंद झाल्या आणि हिला आता कुठे बसवायचं असा प्रश्न पडला. नेमकं तेव्हाच चौकाचं काम निघालं. जुना खड्ड्याखुड्ड्यांचा चौक उखडायचा, दगडी फरशी घालायची, झाडं लावायची, बसथांब्यांवर छप्पर करायचं. दुकानदारांना कामाची खबर द्यायला ओळखीचा चेहरा हवा होता. कामाच्या कचेरीतले मोठे साहेब तिला म्हणाले, "तुम्हाला सगळा चौक ओळखतो. तुम्ही सांगाल ते लोक ऐकतील."

हे वाक्य तिला इतकं आवडलं, की घरी जाऊन तिने ते नवऱ्याला दोनदा ऐकवलं.

काम धूमधडाक्यात सुरू झालं आणि पहिल्याच खेपेला माशी शिंकली. दगड आला तो चुकीच्या जाडीचा. सगळा परत गेला. मग ठेकेदार बदलला. नव्याने जुन्याचं काम वाईट ठरवून अर्धं उकरून काढलं. चौकभर पत्रे उभे राहिले, लोक फळ्यांवरून तोल सावरत जाऊ लागले, दुकानांत धुळीचे थर साचले. चौकाचं पार भिजत घोंगडं झालं. तारीखताई मात्र दर खेपेला काम संपायची नवी तारीख घेऊन दुकान दुकान फिरायची, जिभेवर साखर ठेवून सांगायची, "आता थोडंच राहिलंय हो." लोक कुरकुरायचे, पण तिचं ऐकायचे.

चौकाच्या कोपऱ्यावर तिच्या थोरल्या भावाचं केस कापायचं दुकान होतं. गाडीला वेळ असलेला माणूस आत शिरायचा, दाढी करून, गार पाणी तोंडावर घेऊन ताजातवाना होऊन बाहेर पडायचा. त्याच गिऱ्हाइकावर दादाचं घर चालायचं. पत्रे लागले आणि स्टेशनचं या बाजूचं दार बंद झालं, तसं ते गिऱ्हाईक आटलं. दादा खुर्च्या पुसायचा, आरसे पुसायचा, पुन्हा खुर्च्या पुसायचा.

एके दिवशी ती दुकानात शिरली तर दादा तिचीच वाट बघत होता.

"दवाखान्याच्या रस्त्यावर एक गाळा मिळतोय," तो म्हणाला. "चालता रस्ता आहे. पण इथलं सोडायचं जिवावर येतं. तू आतली माणूस. सांग, जाऊ की थांबू?"

त्याच सकाळी कचेरीत नकाशांच्या टेबलाभोवती सगळे गंभीर चेहऱ्याने उभे असताना तीही तिथे होती. चौकाखाली जुनं गटार सापडलं होतं, कुठल्याच नकाशात नसलेलं आणि ठिकठिकाणी खचलेलं. ते काढून नवं घातल्याशिवाय वर फरशी बसणार नव्हती. वर्ष तरी जाणार, कदाचित जास्तच. मोठे साहेब म्हणाले होते, "वरून हुकूम येईपर्यंत बाहेर एक शब्द जाता कामा नये."

दादाला कानात सांगता आलं असतं. सख्खा भाऊ, त्याने तोंड उघडलं नसतं. पण तिच्या मनात दुसरंच आलं. दादाने दुकान हलवलं, की सगळा चौक म्हणणार, हिच्या भावालाच हिचा भरवसा नाही. मग तिचं कोण ऐकणार? आणि कुणी ऐकेनासं झालं तर कचेरीत तिचं काम काय?

"थांब," ती म्हणाली. "उन्हाळ्यापर्यंत होतंय सगळं."

"नक्की?"

"अरे दादा, मी सांगतेय ना!"

दादाने गाळ्याला नकार कळवला. तिच्या घशाखाली त्या दिवशी घास उतरला नाही, पण दुसऱ्या दिवशी उतरला. माणसाचं असंच असतं.

उन्हाळा आला. चौकात फरशीच्या जागी माणूस बुडेल एवढा चर होता. आधी फुलवाली गेली, मग चपला शिवणारा. पावसाळ्याच्या तोंडी दादाने खुर्च्या विकल्या, दुकानाला कुलूप घातलं आणि दुसऱ्याच्या दुकानात हाताखाली कामाला लागला. तिथला मालक त्याच्या मुलाच्या वयाचा. तो त्याला "काका, जरा लवकर आवरा" म्हणायचा. हे तिला वहिनीने सांगितलं, आणि सांगताना वहिनीने तिच्याकडे बघितलं नाही.

शेवटी लोकांचा संयम संपला. शाळेच्या सभागृहात सभा भरली. साहेब मंडळी टेबलामागे बसली आणि माईक तिच्या हातात दिला. ती उभी राहते न राहते तोच किराणावाला ओरडला, "खोटारडी! हिच्या गोड बोलण्यावर आम्ही बसून राहिलो!" मागून दुसरा, तिसरा. तिला एक शब्द बोलू देईनात.

तेवढ्यात मागच्या रांगेतून दादा उठला. त्याला मोठ्याने बोलायची सवय नव्हती. खुर्चीच्या पाठीला धरून तो म्हणाला, "तिला कशाला बोलता? तिला जे सांगतात ते ती तुम्हाला सांगते. माझं दुकान गेलं, ते बघितलंत ना? तिला आधी माहीत असतं, तर तिने सख्ख्या भावाला थांबू दिलं असतं का?"

मागे ओरडणारे एकेक करून खाली बसले. किराणावालाही खाली बसला. मोठ्या साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि तिच्याकडे बघून हलकेच मान डोलावली, जणू दोघांचं काम फत्ते झालं.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. बोलायची हीच वेळ आहे, हे तिला कळत होतं. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "आपल्या सूचना लिहून द्या, त्यांचा विचार होईल."

सभा सुटल्यावर दादा दारात थांबला होता. दोघं पत्र्यांच्या कडेने निघाली. फळीवर तिचा पाय डगमगला तेव्हा त्याने तिचं कोपर धरलं. तो हात कोपरावर असतानाच ती बोलून गेली.

"दादा, मला माहीत होतं. गटाराचं. तू विचारलंस, त्याच सकाळी कळलं होतं."

त्याने हात सोडला नाही. फळी संपेपर्यंत धरून ठेवला, तिला पलीकडे उतरवलं, आणि मग सोडला.

"मग?" तो म्हणाला.

"तू गेला असतास तर लोक माझं ऐकेनासे झाले असते."

दादाने पत्र्यावर चिकटवलेल्या नव्या चौकाच्या चित्राकडे बघितलं. चित्रात झाडांखाली माणसं हसत बसली होती.

"घरी बोलू नकोस हे," तो म्हणाला. "तुझी वहिनी पहिल्यापासून हेच म्हणतेय. मी तिच्याशी भांडलो त्यावरून. दोन दिवस अबोला धरला. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला सोसल्या असत्या. तो रस्ता ओलांडून गेला आणि ती तिथेच उभी राहिली.

तिने ते काम सोडलं. साहेबांना वाटलं, लोकांचं बोलणं हिने मनाला लावून घेतलं. तिने तसंच वाटू दिलं. पुढे ती ग्रंथालयात पुस्तकं लावायच्या कामाला लागली. तिथे कुणाला काही सांगावं लागत नाही.

चौक झाला एकदाचा, आणि छान झाला, हे नाकबूल करता येणार नाही. दगडी फरशी, सावली, बसायला बाकं. स्टेशनच्या दाराशी नवे गाळे काढले होते. त्यातला एक रिकामा असल्याचं कळलं, तशी ती धावतपळत दादाच्या घरी गेली.

"जागा एक नंबर आहे," ती म्हणाली. "गाडीतून उतरलं की समोरच. आजच घे, हातची जाईल."

वहिनी आतल्या खोलीत निघून गेली. दादाने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"बरं," तो म्हणाला, अगदी मऊ आवाजात. "मी एकदा स्वतः बघून येतो."

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून परतताना तो तिला चौकात दिसला. त्या गाळ्यासमोरच्या बाकावर बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे निरखून बघत होता. शेजारच्या पानवाल्याला काहीतरी विचारत होता, मग बसच्या वाहकाला विचारलं, मग झाडूवाल्या बाईला. सगळ्यांना विचारत होता. ती वळली आणि मागच्या गल्लीने घरी गेली.

त्याने तो गाळा घेतला. कापड तिने दिलं होतं, पडदे वहिनीने शिवले. उद्घाटनाला तिलाही बोलावणं होतं. ती गेली, शेवटच्या रांगेत उभी राहिली. कुणीतरी दादाला विचारलं, "इथं गाळा आहे हे कळलं कसं?"

"बहिणीने सांगितलं," दादा म्हणाला. आणि तिच्याकडे न बघता पुढच्या माणसाला खुर्चीत बसवू लागला.