आठातले दोन

माझ्या शेजारच्या गाळ्यात लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याला आम्ही मौनीबाबा म्हणायचो. काम चोख, पण तोंड उघडायचं तर अगदी जिवावर यायचं. मशीन परत देताना एकच शब्द, "झालं." वहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, संसारही एवढ्यावरच उरकलाय.

एका ठेकेदाराने मुलीचा लॅपटॉप आणून दिला. ती घरांचे नकाशे काढायची आणि नकाशा फिरवला की स्क्रीन अडकायची. त्या मशीनच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नव्हती, ते मुख्य मेमरीतूनच वाटा घ्यायचं. मौनीबाबांनी सेटिंगमध्ये जाऊन तो वाटा दोन जीबी केला. नकाशे पळायला लागले. "झालं," म्हणाले आणि दिला.

घरी ठेकेदाराने पाहिलं, तर आठ जीबीपैकी वापरायला जेमतेम सहा. दोन गेले कुठे? दुसऱ्या दिवशी भर दुपारी लॅपटॉप काखेत मारून तो मेहुण्याला घेऊन आला, "चोरा, दोन जीबी काढून घेतलेस" म्हणाला आणि मौनीबाबांच्या थोबाडीत ठेवून दिली. चष्मा फुटला. मेहुण्याने गचांडी धरून त्यांचं डोकं काउंटरवर आपटलं, दोनदा. नाकातून रक्ताची धार लागली. "थांबा, दाखवतो," एवढंच म्हणत त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला. या शहाण्यांना वाटलं, भोसकतोय. ठेकेदाराने शटर ओढायचा लोखंडी आकडा त्या उजव्या हातावर घातला. बोटं मोडल्याचा आवाज मला माझ्या गाळ्यात ऐकू आला.

मग त्या माणसाने जमिनीवर बसून डाव्या हाताने एकेक स्क्रू काढला. आम्ही सगळे दाराबाहेर बघत उभे. आतली मेमरीची पट्टी काढून, तिच्यावरचं रक्त सदऱ्याला पुसून त्यांनी ठेकेदारापुढे धरली. आठचा आकडा स्पष्ट छापलेला होता.

"आठच आहेत. दोन ग्राफिक्सला दिलेत, तुमच्या पोरीच्या नकाशांसाठी."

ठेकेदाराचा चेहरा पडला. पण नालायक म्हणतो काय, "मग हे कालच बोलायला काय झालं होतं?" आणि मेहुण्यासकट निघून गेला.

दोन बोटं कायमची गेली. बारीक स्क्रू आता त्यांना धरता येत नाही, म्हणजे धंदाच गेला. त्या दिवशी दवाखान्यात नेताना रिक्षात त्यांनी मला विचारलं, "तू आत का आला नाहीस?"

गिऱ्हाईक होतं, म्हणालो. गिऱ्हाईक कसलं! काढले असतील दोन, असं मलाही वाटलं होतं.