कॅजिटनचं पिंप

माझा धाकटा दीर कॅजिटन एकोणीसशे चौतीस साली बोटीवरची नोकरी सोडून उत्तनला परत आला. गावातले बाकीचे खलाशी येताना ग्रामोफोन आणत, चिनी मातीची ताटं आणत, बायकोला रेशीम आणत. कॅजिटनला बायको नव्हती आणि त्याच्या ट्रंकेत दोन सदऱ्यांखेरीज काही नव्हतं. त्यानं आणली होती फक्त एक चव. ती काढून दाखवता येत नाही, म्हणून तो ती सांगत बसायचा.

तो बोटीच्या भटारखान्यात कामाला होता. वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावर त्याला ताप भरला, बोट त्याला तिथेच टाकून पुढे गेली आणि युडोरा नावाच्या एका म्हातारीनं त्याला घरी नेलं. तिच्या घरात आजीपासून उसाची रम गाळत असत, तीही ताज्या रसाची. कॅजिटन बरा होता होता तिच्या भट्टीपाशी जाऊन बसू लागला, आणि तिथून उठला तो परतीची बोट आल्यावरच.

"वयनी, पयला जिभेवर ऊस येतो," तो मला सांगे. "मंग जळका गूळ. मंग मागनं हळूच जायफळ. पन जायफळ घातलेलंच न्हाय! लाकडातनं येतं ते."

"आणि मग?"

"मंग तू खाली बसतेस."

आमच्या ख्रिस्ती लग्नांत घरची दारू मसाले घालून गरम करतात आणि पाहुण्यांना छोट्या पेल्यांतून देतात. त्याला खिमाड म्हणतात. खिमाड चांगलं नसेल तर नवरी कितीही देखणी असो, लग्न पडलं असंच समजायचं. कॅजिटनच्या मनात आलं, हे खिमाड एकदा आपल्या रमचं व्हावं. त्यानं वाडीत केळीमागे ऊस लावला, लाकडी चरक बसवला आणि पहिली रम गाळून लिओनार्डबाबांना चाखायला दिली. लिओनार्डबाबा म्हणजे गावातलं वडीलधारं माणूस. कोणाच्या लग्नात काय प्यायचं, हे तेच ठरवत. दुर्दैवानं कॅजिटननं ती रम रॉकेलच्या डब्यातून नेली होती.

बाबांनी घोट घेतला, दाराबाहेर थुंकला आणि म्हणाले, "कॅजिटन, दिवा कुटं हाय?"

झालं! त्या दिवसापासून त्याची रम म्हणजे 'कॅजिटनचं रॉकेल'. पोरं त्याला रस्त्यात गाठून वात मागायची.

दुसरा कोणी असता तर त्यानं चरक मोडून चुलीत घातला असता. कॅजिटननं मुंबईच्या गोदीतून ओक लाकडाचं एक लहानसं जुनं पिंप मिळवलं, त्यात नवी रम भरली, तोंडावर मेण ओतलं आणि ते आमच्या भाताच्या कोठीमागे ठेवून दिलं. "सबीनाच्या लग्नात फोडू," तो म्हणाला. सबीना माझी थोरली, तेव्हा अकरा वर्षांची. पुढली आठ वर्षं त्यानं त्या पिंपाला हात लावला नाही की एक थेंब चाखला नाही. मी मात्र आठ वर्षं नीट झोपले नाही. कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकले होते, त्यामुळे कोठीमागे काय ठेवलंय आणि ते पेटलं तर छप्पर कुठवर उडेल, हे मला अगदी व्यवस्थित कळत होतं.

पंचेचाळीस साली सबीनाचं ज्युलियसशी ठरलं. माझे मिस्टर नोकरीनिमित्त बसऱ्याला, लढाईमुळे अडकलेले. त्यामुळे मांडवाचं सगळं कॅजिटनवर आणि काळजीचं सगळं माझ्यावर. लिओनार्डबाबांनी आधीच बजावलं होतं, "मी येतो लग्नाला. पन माजी बाटली मी आनीन."

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी उंबराचं पाणी. म्हणजे बायकांनी बँड लावून, गात-नाचत विहिरीवर जायचं, कळश्या भरून आणायच्या आणि त्या पाण्यानं मांडवात सर्वांसमक्ष नवरीला न्हाऊ घालायचं. तीन तांब्याच्या कळश्या घासून, पानं बांधून तयार होत्या. कॅजिटन कोठीपाशी पिंपाचं मेण खरवडत होता. इतक्यात शेजारच्या हौसाबाईचा नवरा धर्मा सायकलवरून धापा टाकत आला.

"अबकारीचा जमादार येतोय! मोरव्यावरनं टांगा निघालाय. कुनी तरी सांगितलंय त्याला पिंपाचं."

परवान्याशिवाय घरी गाळलेली दारू म्हणजे तुरुंग. उद्या नवरीला चर्चमध्ये नेणारा काका आज ठाण्याच्या कोठडीत! कॅजिटन पिंपाला मिठी मारून बसला.

"जमिनीत पुरा," कोणी म्हणालं.

"पुरायला वेळ कुटं हाय?" हौसाबाई पदर खोचत पुढे आली. "त्या कळश्या इकडं आना. पानी आनायच्या कळशीत कोन बघतोय?"

मिनिटभरात पिंप रिकामं आणि तिन्ही कळश्या काठोकाठ. वर पानं, वर नारळ. बँडवाल्यांना हौसाबाईनं ढकललंच. जमादार अंगणात उतरला तेव्हा आमची वरात मोठ्या थाटात विहिरीकडे निघाली होती, भरलेल्या कळश्या डोक्यावर घेऊन!

"या बाया विहिरीवर जाताना इतक्या वाकल्यात कशानं?" जमादारानं मला विचारलं.

"भक्तीनं," मी म्हटलं. दुसरं काही सुचेना.

त्यानं घर धुंडाळलं. रिकामं पिंप हुंगलं, बोट फिरवलं, ते ओलं निघालं. मग तो मांडवात खुर्ची ओढून बसला. बायका विहिरीला फेरी घालून तशाच परत आल्या. सबीना पाटावर बसली होती, डोळे मिटून. आता कळश्या झाकून आत न्याव्यात म्हणून मी पुढे झाले.

"आत कुठे नेता?" जमादार म्हणाला. "न्हाणं आहे ना? घाला की. मलाही बघू द्या तुमची रीत."

बँडवाल्याचं क्लॅरिनेट मध्येच कण्हलं. सगळ्या बायका कॅजिटनकडे बघू लागल्या. त्यानं कळश्यांकडे पाहिलं, सबीनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आठ वर्षं त्या तीन कळश्यांत होती. मग तो खालच्या मानेनं म्हणाला, "ओता."

"डोळे घट्ट मीट गं!" मी ओरडले, आणि हौसाबाईनं पहिली कळशी माझ्या लेकीच्या डोक्यावर उपडी केली.

सबीना किंचाळली. मग थांबली. मग तिनं ओठांवरून जीभ फिरवली, पुन्हा फिरवली, आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. मांडवभर वास सुटला. ताजा ऊस, जळका गूळ, आणि मागून हळूच जायफळ! कॅजिटन अकरा वर्षं जे तोंडानं सांगत होता, ते एका दमात सगळ्या गावाच्या नाकात शिरलं. म्हाताऱ्या बायका उगाचच नवरीचे गाल पुसायला धावल्या आणि पुसलेली बोटं तोंडात घालू लागल्या.

"बाई गं, केस पिळा तिचे, केस! खाली वाटी धरा!"

जमादार उठून सबीनापाशी आला. त्यानं श्वास ओढला, डोळे मिटले, पुन्हा ओढला. "आता पंचनाम्यात लिहू काय?" तो पुटपुटला. "मुद्देमाल, नवरी एक?"

हौसाबाईनं दुसरी कळशी उचलली. "सायब, हीबी ओतते हां."

"अहो, नको!"

ओरडला तो जमादार. कॅजिटनचं तोंड नुसतं उघडलं होतं, आवाज अजून निघाला नव्हता. क्षणभर कोणाला कळेना, मग अख्खा मांडव हसायला लागला. बँडवाला हसला, मी हसले, भिजलेली सबीना तर पाटावरून घसरलीच. जमादार लाल झाला, पट्टा सावरत म्हणाला, "म्हणजे, पोरीला सर्दी होईल," आणि टांग्यात जाऊन बसला. त्याच्यामागे कोणीतरी लग्नासाठी तळलेल्या फुग्यांची, म्हणजे आमच्या गोल पावांची, पुरचुंडी धाडली, ती त्यानं घेतली.

सबीनाला आम्ही शिकेकाईनं तीनदा न्हाऊ घातलं. उपयोग शून्य. चर्चमध्ये ज्युलियस सारखा तिच्याकडे झुकत होता, लोकांना ते प्रेम वाटलं. पाद्रींनी धूपदानी दोनदा उघडून पाहिली.

उरलेल्या दोन कळश्यांचं खिमाड झालं. लिओनार्डबाबांनी आपली बाटली आणली होती, पण बूच काढलंच नाही. दुसऱ्या पेल्यानंतर ते खाली बसले. तिसऱ्यासाठी पेला पुढे करत म्हणाले, "कॅजिटन, थोडं रॉकेल घाल रे!" कॅजिटननं घातलं. अख्ख्या गावाला घालता घालता त्याच्या स्वतःच्या वाट्याला एक थेंबही उरला नाही, हे पाहुणे पांगल्यावर माझ्या लक्षात आलं.

त्याला शोधत मी परसात गेले. सबीनाचं आदल्या दिवशीचं न्हाणाचं लुगडं दोरीवर होतं. कॅजिटननं त्याचा चिकट पदर तोंडात धरला होता आणि तो डोळे मिटून चोखत होता.

"कशी झालीय?" मी विचारलं.

त्यानं पदर आणखी एकदा चोखला. "वयनी," तो म्हणाला, "अजून दोन वर्सं थांबायला पायजे होतं."

"म्हणजे पोरीला मी अजून दोन वर्षं घरात बसवायची होती की काय?"

"बसवायची व्हती," तो अगदी मनापासून म्हणाला, आणि त्यानं पदराचं दुसरं टोक माझ्यापुढे केलं.