कुठे दुखतंय? बोट ठेव

आमच्या सरांवर अन्याय झाला तो गेल्या लोकसभेचा अर्ज भरायचा होता त्या सकाळी. इमारतीखाली ढोलवाले येऊन बसले होते, सरांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, औक्षणाचं ताट मांडलं होतं, आणि टीव्हीवर पट्टी फिरली : प्रकृतीच्या कारणास्तव सरांची माघार. सरांना स्वतःचं आजारपण चहा पिताना कळलं.

हे मी लिहितेय, त्यांची विरोधक.

मरोळच्या शाळेत ते आम्हाला गणित शिकवायचे. चाचणीच्या दिवशी कुणी पोट धरून आलं की चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "कुठे दुखतंय? बोट ठेव." बोट आधी बेंबीवर, मग बरगडीवर, मग डोक्याकडे. वर्ग खिदळायचा. "बस जागेवर. पेपर सोपा आहे." खरंच दुखत असेल त्याला मात्र स्वतः घरी पोचवायचे.

पुढे ते खासदार झाले. पक्ष जुन्या वळणाचा, सर त्याहून जुने. वस्तीतली माणसं गाऱ्हाणी घेऊन आली तरी प्रश्न तोच. गटार तुंबलंय म्हटलं की चपला घालून निघायचे, दाखव म्हणायचे. तुम्हीही पाहिलं असेल त्यांना, धोतर आवरत चिखलात उभं राहिलेलं.

घटस्फोट अवघड करा, असं ते लोकसभेत बोलले तेव्हा मी नाक्यावर त्यांच्याविरुद्ध पत्रकं वाटत होते. गाडी थांबवून त्यांनी अख्खं पत्रक वाचलं.

"मत चुकलंय. शुद्धलेखन बरं आहे."

"कुठे चुकलंय सर? बोट ठेवा ना."

त्यांनी खरंच ठेवलं. भर उन्हात भांडलो. त्या वाक्यावर मी अजून ठाम आहे.

त्या सकाळी सरांचं तिकीट मिळालं ऐन वेळी पक्षात आलेल्या एका शेठला. दुसऱ्या दिवशी त्याच्या जीपवर सर हात जोडून उभे. माझं डोकंच फिरलं. मी तडक त्यांच्या घरी गेले. लिफ्ट बंद होती, आणि आजारी सर दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन माझ्यापुढे जिना चढत होते. दमले नाहीत. वर पोचल्यावर मी विचारलं, "सर, कुठे दुखतंय? बोट ठेवा."

हात उचलला. बोट हवेतच राहिलं. मग त्याच बोटाने कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

"शिस्त असते गं. पक्ष म्हणाला आजारी, तर आजारी."

आतून काकू म्हणाल्या, "आयुष्यभर पोरांची खोटी दुखणी पकडलीत ना?"

सरांनी पिशव्या उचलून आत नेल्या.

ते खोटंही त्यांनी शिस्तीत पाळलं. बाजारात ठणठणीत दिसलो तर पक्ष खोटा पडेल, म्हणून घराबाहेर पडणं सोडलं. काकूच भाजी आणू लागल्या. चालता-फिरता माणूस खुर्चीत बसून बसून संपला. गेल्या महिन्यात गेले.

शोकसभेत शेठ म्हणाला, सरांची तब्येत पहिल्यापासूनच नाजूक. सभागृहात निम्मे सरांचे विद्यार्थी, सगळे पायांकडे बघत होते. मी उठले, तर माइक बंद.

आता तो मतं मागायला तुमच्या दारात येईल. पत्रकावर सरांचा फोटो असेल. चहा नंतर द्या. आधी विचारा, सरांना कुठे दुखत होतं? ठेव बोट.