साहेब वॉर्डात आलेच नाहीत

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी लकडगंजच्या एका खाजगी दवाखान्यात ड्युटी डॉक्टर होतो. मी बीएएमएस, मालक मात्र छातीच्या रोगांचे नावाजलेले डॉक्टर. वॉर्ड भरू लागला तसं साहेबांनी येणंच बंद केलं. घरून व्हिडिओ कॉलवर राउंड घ्यायचे. एकदा तर आंब्याची फोड चोखत त्यांनी औषधाचा डोस सांगितला.

खाप्याचे एक निवृत्त मास्तर दाखल होते. दुपारी त्यांचा ऑक्सिजन घसरायला लागला. व्हेंटिलेटर मोकळा होता, पण त्यासाठी श्वासनलिकेत नळी घालणं मला येत नव्हतं. साहेबांना फोन करून लगेच या म्हटलं. पाहतो म्हणाले. पुन्हा केला, तर म्हणाले, तिथंच सांभाळ, बाहेर पाठवलं की दवाखान्याचं नाव जातं. मी त्यांचं न ऐकता दुसरीकडे बेड मिळवला. अँब्युलन्स दारात पोचण्याआधी मास्तर गेले.

मास्तरांच्या मुलीने ग्राहक आयोगात तक्रार केली. साहेबांच्या वकिलाचं उत्तर असं, की महामारीत जीव धोक्यात घालून सद्भावनेने सेवा केली, म्हणून कायद्याचं संरक्षण आहे; आणि हलगर्जी झालीच असेल तर ती ड्युटी डॉक्टरची. घराचा उंबरठा न ओलांडलेल्या माणसाने कुठला जीव धोक्यात घातला, ते वकिलालाच ठाऊक. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून, आपण डॉक्टर लोक एक आहोत, असंही ऐकवलं. मी नोकरी सोडली.

माझ्या साक्षीच्या दिवशी मुलगी आयोगाच्या व्हरांड्यात भेटली.

"तुमी तिथंच होते ना? मंग मोठ्या डॉक्टरले काहून नाही बोलावलं?"

"बोलावलं होतं, ताई. दोनदा."

ती म्हणाली, "हेच आत सांगा."

मी सांगितलं. साहेब मान खाली घालून मोबाइल चाळत होते.

निकाल मुलीच्या बाजूने लागला. साथीत औषध मिळालं नाही, थकव्यात चूक झाली, हे समजू शकतो; पण बोलावूनही न येणं ही सद्भावना नव्हे, असं आयोगाने म्हटलं. साहेबांनी अपील केलं. ते अजून पडून आहे.

मध्यंतरी डॉक्टरांच्या एका सभेत साहेब व्यासपीठावर होते. विषय होता, संकटकाळात डॉक्टरांना कायद्याचं कवच का हवं. मलाही ते कवच हवंच आहे, पण या माणसाच्या तोंडून ते मागणं ऐकवेना. टाळ्या सुरू झाल्या आणि मी उठून बाहेर आलो.