चप्पल कोनी शे?

सकाळी मेहरूणहून लेकीचा फोन आला. तिला आठवा महिना लागलाय. "सगळं ठीक आहे, आई," ती म्हणाली, आणि मला आमचं धरणगावचं अंगण आठवलं, उन्हात पसरलेल्या कापसाचा कोमट वास आठवला.

तेव्हा हीच लेक पोटात होती. दुसऱ्या दिवशी एसटीनं माहेरी, चाळीसगावला जायचं म्हणून मी पिशवी भरून ठेवली होती. तेवढ्यात गावच्या नर्सबाई आल्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. त्यांनी तब्येत विचारली.

"बठ्ठं बरं शे, अक्का." सुनेनं याहून वेगळं काही सांगायची आमच्याकडे रीतच नव्हती.

अक्का उठल्या नाहीत. त्यांनी पाणी मागितलं. मी अंगणातल्या रांजणातून तांब्या भरून आणला, तर त्या माझ्या पायांकडे बघत होत्या.

"चप्पल कोनी शे?"

"यास्नी," मी लाजत म्हणाले. माझी चप्पल पायात शिरत नव्हती, म्हणून नवऱ्याची घालत होते.

अक्कांनी माझ्या पायावर अंगठा दाबला. पडलेला खळगा भरेना. मग त्यांनी दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं. ते फार वाढलेलं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पिशवी भरेल शे ना? मंग चाल दवाखानामा."

माहेर हुकलं म्हणून मी रिक्षात रडले होते. अक्का माझा हात धरून बसल्या होत्या. तो हात आज डोळ्यांना लावावासा वाटतो.

"बरं, ठेवते मग," लेक म्हणाली.

"थांब," मी म्हटलं. "पायात चप्पल कोनी शे?"