सवाष्णींची काळी पोरं

नोकरीभर मी माझ्या आत्याबद्दल खोटं बोललो. तेही माईकवरून.

आज तिचा स्मृतिदिन. दरवर्षी तिचा फोटो टाकतो, खाली तुम्ही हात जोडता. यंदा फोटो नाही. नव्वदी ओलांडलीय, आता तरी खरं टाइप करावं म्हणतो.

निजामाचं राज्य होतं. मी बीडला उर्दू शाळेत शिकत होतो आणि चार बुकं वाचून स्वतःला फार शहाणा समजत होतो.

दिवाळीच्या सुट्टीत लिंबागणेशजवळ आत्याच्या गावी गेलो.

आत्या तरुणपणीच विधवा झालेली. दिरांच्या घरात राहायची. तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच, विहिरीजवळचं परडं. वांगी, मेथी आणि कुंपणभर वालाचा वेल.

दिरांनी दिलेलं. म्हणजे पिकतंय तोवर तिचं.

वालावर थोडा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडला होता आणि त्यात ठिपक्यांचे लाल किडे फिरत होते. आत्या त्यांना सवाष्णी म्हणायची.

"मावा खात्यात त्या. हात लावू नगंस." मग हसून म्हणाली, "माज्या दारात येवड्याच सवाष्णी येत्यात."

हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे, हे मला कळायला हवं होतं. मी पण हसलो.

पानांवर काळ्या, काटेरी अळ्याही होत्या. ती म्हणाली, ही त्यांचीच पोरं, आयांपेक्षा जास्त खातात.

मला पटलं नाही. लाल आईची पोरं अशी काळी नि भेसूर कशी असतील? बाईमाणूस काहीतरी ऐकीव सांगतंय, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती खुरपायला गेली आणि मी पराक्रम गाजवला. एकेक पान उलटून सगळ्या अळ्या वेचल्या, चपलेखाली चिरडल्या. वेल तरारला की तिला ऐटीत सांगायचं ठरवलं होतं.

वेल कसला तरारतोय! सुट्टी संपत आली तोवर तो चिकट होऊन काळा पडला. शेंगा आखडल्या. मावा वांग्यांवरही चढला.

आत्यानं मला बाजूला घेतलं.

"येल असा कशानं काळा पडला रं? तू काय केलंस का?"

"न्हाई," मी म्हणालो.

तिनं पुन्हा विचारलं नाही.

दिरांना तिनं सांगितलं, "माजंच लक्ष न्हवतं." त्यांचा त्या जागेवर डोळा होताच. पुढच्या वेळी गेलो तेव्हा तिथं बैलांसाठी कडवळाचा चारा उभा होता. कोथिंबिरीच्या काडीसाठीही आत्याला जावेचं तोंड बघावं लागायचं.

पुढं मी शेतकी कॉलेजात गेलो. एका पुस्तकात त्याच अळीचं चित्र दिसलं. शेतकऱ्याच्या मित्रांच्या यादीत.

मी पान उलटलं.

मग शेतीखात्यात अधिकारी झालो. मित्रकिडींवर गावोगाव भाषणं द्यायचो. त्यात एक गोष्ट ठरलेली. एका अडाणी बाईनं चांगल्या अळ्या मारल्या आणि आपल्या हातानं आपलं परडं घालवलं. हशा हमखास.

हो, माझं पाप मी तिच्या नावावर लावलं. नाव तेवढं घेत नव्हतो, हाच माझा मोठेपणा.

एकदा चौसाळ्याला कार्यक्रम होता. म्हातारी आत्या भाच्याचं कौतुक ऐकायला हौसेनं आली, पुढं बसली. मी सवयीनं तीच गोष्ट सांगून गेलो. बाया हसल्या. आत्याही पदर तोंडाला लावून हसली.

तिला घरी सोडताना जीपमध्ये ती म्हणाली, "लई ग्वाड बोलतूस. पर ती बाई अडाणी न्हवती, बाळा. तिला अळ्या वळखू येत व्हत्या."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. पहिल्यापासून.

मी ड्रायव्हरशी रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलायला लागलो.

त्यानंतर ती काही वर्षं जगली. मी माफी मागितली नाही. आणि गोष्ट? तीही सांगत राहिलो. लोक हसायचे ना.

माझ्या भाषणांना आलेलं कुणी हे वाचत असेल, तर एवढी दुरुस्ती करून घ्या.

अळ्या मी मारल्या.

परडं तिचं गेलं.

आत्या, नमस्कार करतो. आशीर्वाद मागायला तोंड नाही.